पाच अक्षरी इंग्रजी शब्द हवेत, जी आणि वाय असलेले, मराठी अर्थासकट

यार्डातली ताई, सांगली

नमस्कार. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. माझी लेक सातवीत आहे, मराठी माध्यमात. तिच्या इंग्रजीच्या बाईंनी या वर्षी दर शनिवारी एक खेळ सुरू केलाय. फळ्यावर पाच चौकोन आखतात आणि दोन अक्षरं सांगतात. ती दोन्ही अक्षरं ज्यात येतात असे पाच अक्षरी शब्द घरून लिहून आणायचे. शनिवारी एकेकानं उभं राहून शब्द वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा आणि त्याचं एक वाक्य करायचं. अर्थ आला नाही तर बाई तो शब्द धरत नाहीत. हा नियम मला फार आवडला, कारण आमच्या वेळी आम्ही स्पेलिंगं नुसती घोकली आणि विसरलो.

मागच्या आठवड्यात अक्षरं होती जी आणि वाय. नेमके तेव्हा राजापुरी हळदीचे सौदे जोरात होते. मला घरी यायला रोज आठ-साडेआठ होत होते. लेकीनं माझा फोन घेतला, कुठल्यातरी साइटवर तिला आयती यादी सापडली. त्यातले बेचाळीस शब्द तिनं वहीत उतरवले, रेघ मारून शेजारी अर्थ लिहिले, तेही त्याच साइटनं दिलेले. अक्षर असं सुबक काढलंय की बघत राहावं.

शनिवारी पहिलाच शब्द वाचला तो ‘गनी’. जी-यू-एन-एन-वाय. वहीत अर्थ होता ‘बंदुकीचा’. बाई म्हणाल्या, हा अर्थ नाही, पुढचा वाच. पुढचा ‘मगी’, एम-यू-जी-जी-वाय, अर्थ लिहिलेला ‘मग्यासारखा’. तोही गेला. तिसरा ‘गली’, जी-यू-एल-एल-वाय, अर्थ ‘गल्ली’. बाईंनी विचारलं, कुठली गल्ली, वाक्य कर. तिला करता आलं नाही, ती खाली बसली. बाई तिच्यावर रागावल्या नाहीत हे मला तिनंच सांगितलं. पण त्या रात्री ती जेवली नाही. वहीचं ते पान तिनं फाडलं नाही, नुसतं मधोमध दुमडून ठेवलंय. मला ते पान उघडायचंय, म्हणून इथं लिहिते आहे.

मला नुसती यादी नको. यादीनं काय होतं ते बघितलं. असे शब्द शोधायचे कसे, त्यांत काही धागा असतो का, आणि मुलीला तिच्या भाषेत अर्थ कसा सांगायचा, एवढं कुणी समजावून सांगेल का? या शनिवारी क्यू आहे. बाईंनी असंही सांगितलंय की क्यू असून यू नसलेला शब्द आणला तर दुप्पट गुण. आणि ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नसलेला पाच अक्षरी शब्द आणला तर तिप्पट. असे शब्द असतात तरी का?


निवृत्त मास्तर, कोरेगाव

ताई, तुमच्या मुलीच्या बाईंना माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हा नियम मला सुचला नव्हता.

पहिल्यांदा ‘गनी’ घेऊ. तुम्ही ज्या दुकानात बसता तिथं हा शब्द तुमच्या पाठीमागं थप्पी लावून ठेवलेला असतो. गनी म्हणजे गोणी. गनी बॅग म्हणजे तागाचं पोतं. आणि हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेला. ऑक्सफर्डच्या कोशात त्याचं मूळ मराठी ‘गोणी’ असं दिलंय आणि मराठीच्या मागं संस्कृत ‘गोणी’. अठराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. म्हणजे तुमची लेक वर्गात उभी राहिली तेव्हा आपल्याच घरातला शब्द तिच्या हातात होता, आणि त्या साइटनं तिला बंदूक सांगितली. मला वाचून वाईट वाटलं.

आता ती साइट चुकली कशी ते बघा, कारण त्या चुकीतच तुम्हाला हवा तो धागा आहे. इंग्रजीत तीन अक्षरी छोटं नाम असलं, मधे एक स्वर, शेवटी एक व्यंजन, तर शेवटचं व्यंजन दुप्पट करून वाय लावला की ‘तसल्या गुणाचं’ असं विशेषण होतं. फॉग म्हणजे धुकं, एफ-ओ-जी. त्याचं एफ-ओ-जी-जी-वाय, फॉगी, धुक्यानं भरलेलं. सन, सनी, उन्हाचं. मड, मडी, चिखलाचं. फर, फरी, लवदार. तीन अक्षरं, वर एक दुप्पट, वर वाय: बरोबर पाच. म्हणून पाच अक्षरी खेळात हे शब्द ढिगानं सापडतात. मुलीला सांगा, तीन अक्षरी नामं आठव आणि त्यांना वाय लावून बघ. यादीची गरजच उरत नाही.

पण सगळे शब्द तसे झालेले नसतात. गन दिसली म्हणून गनी बंदुकीची होत नाही. ‘मगी’चंही तेच. मग म्हणजे मगा, पण मगीचा मग्याशी संबंध नाही. वळवाच्या आधीची दुपार आठवा. वारा पडलेला, आभाळ भरून आलेलं, अंगाला कपडा चिकटतोय, पंख्याखालीही चैन नाही. त्या कुंद, दमट उकाड्याला मगी म्हणतात. आणि ‘गली’ म्हणजे घळ, पाण्यानं खणून काढलेला अरुंद ओघळ. आपली गल्ली वेगळी, तीही हल्ली इंग्रजीत याच स्पेलिंगनं लिहितात, त्यामुळं मुलीचं अगदीच चुकलं नव्हतं. क्रिकेटमधली गली, स्लिपच्या आणि पॉइंटच्या मधली, तीही हीच. क्रिकेटवरून वाक्य केलं असतं तर बाईंनी नक्की धरलं असतं.

जी आणि वायचे आणखी काही, मला ज्यांचे अर्थ मुलांना सांगायला आवडायचे ते: ‘ॲगनी’ ए-जी-ओ-एन-वाय, असह्य वेदना. ‘एलेजी’ ई-एल-ई-जी-वाय, गेलेल्या माणसासाठी लिहिलेली कविता, विलापिका. ‘टँगी’ टी-ए-एन-जी-वाय, जिभेला चटका देणारं आंबटसर, कैरीच्या पन्ह्यासारखं. ‘गपी’ जी-यू-पी-पी-वाय, म्हणजे गप्पी मासा. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडून जातात तोच. त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनला पाठवणाऱ्या गप्पी आडनावाच्या माणसावरून ते नाव पडलं. ‘बगी’ बी-यू-जी-जी-वाय, एका घोड्याची हलकी गाडी. वरातीतली बग्गी आपण त्यांच्याकडून घेतली. गोणी आपण दिली, बग्गी घेतली, हिशेब तुम्हीच मांडा.

एक शब्द मुद्दाम वेगळा सांगतो. ‘डिंजी’ डी-आय-एन-जी-वाय, कळकट, कोंदट, उजेड नसलेलं. त्यात जीपुढं एक एच घातला की होतं ‘डिंगी’, सहा अक्षरी, छोटी होडी. हा शब्द हिंदी-बंगालीतून तिकडं गेला. एका एचनं खोलीची होडी होते. स्पेलिंगकडं नीट बघायला मुलांना यापेक्षा चांगलं उदाहरण मला कधी मिळालं नाही.


यार्डातली ताई, सांगली

मास्तर, तुमचा प्रतिसाद मी दुकानात वाचला आणि उठून मागच्या थप्पीला हात लावून आले. बारा वर्षं मी ‘बारदान वजा’ असं लिहिते. गोणीचं वजन वजा, माल इतका. ही गोणी इंग्रजीच्या कोशात मराठी म्हणून बसलीय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी लेकीला यार्डात घेऊन गेले. तिला काही सांगितलं नाही. एक हमालमामा हळकुंडांच्या गोणीचं तोंड शिवत होते. दाभणात सुतळी ओवून, टाका घालायचा, ओढायचा, परत घालायचा, शेवटी दोन्ही टोकांना कान काढायचे, उचलताना धरायला. ताग नवा असला की त्याला तेलाचा एक उग्र वास येतो. तो वास आणि हळदीचा वास मिसळून तिथं नाकाला झोंबतं. मी तिला विचारलं, याला काय म्हणतात? म्हणाली, गोणी. मी म्हटलं, इंग्रजीत? गप्प बसली. मग तिचा तिनंच ओठ हलवून बघितला, ‘गनी... गोणी...’ आणि माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. मामांनी तिला तागाचा एक हातभर तुकडा कापून दिला. तो तिनं वहीत ठेवलाय, त्या दुमडलेल्या पानात.

‘डिंगी’ मात्र मला तिला वेगळी सांगावी लागली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा ती लहान होती. आम्हाला रबराच्या होडीतून काढलं, तिला एका जवानानं कडेवर घेतलं होतं. ती होडी नारिंगी होती एवढंच तिला आठवतं. तिनं विचारलं, ती डिंगी होती का? मी हो म्हटलं.

क्यूचं मात्र अजून काही जमलेलं नाही.


वाईचा जुळारी

ताई, मी छापखान्यातला माणूस, खिळे म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं जुळवणारा. ज्या गावात मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं, त्या वाईत आयुष्य गेलं. १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड निघाला तेव्हा मी नुकताच उमेदवारीला लागलो होतो, एका छोट्या खासगी छापखान्यात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. त्यामुळं इंग्रजी मला अर्थावरून कमी आणि बोटांवरून जास्त कळतं.

इंग्रजी खिळ्यांची केस म्हणजे लाकडी खणांचा उथळ कप्पा. सगळे खण सारखे नसतात. ईचा खण सगळ्यांत मोठा आणि हाताशी, कारण ई सगळ्यांत जास्त लागतो. मग टी, ए, ओ, एन, आय असे. आणि क्यू, झेड, एक्स, जे यांचे खण कडेला, चिमुकले. चाळीस ओळी जुळवल्या तरी झेडकडं हात जायचा नाही. पण ई मात्र संपायचा, आणि संपला की आधीचं छापून झालेलं मोडून खिळे परत खणात टाकल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. कुठलं अक्षर किती चालतं हे मुलीला कळलं की शब्दांचा अंदाज आपोआप येतो. अल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकी माणसानं १९३० च्या दशकातल्या मंदीत, हाताला काम नसताना, वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजली आणि त्यावरून स्क्रॅबल हा खेळ बसवला. इंग्रजी स्क्रॅबलमधे शंभर ठोकळे असतात, त्यांत ई बारा, आणि क्यू एक, झेड एक. क्यूला आणि झेडला दहा-दहा गुण. त्यानं मोजून काढलं ते आमच्या केसमधे खणांच्या मापानं आधीच मांडलेलं होतं.

आता क्यू. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग यू येतो, तो जोडीनंच चालतो. क्वीन, क्विल्ट म्हणजे गोधडी, क्वेल म्हणजे लाव पक्षी, ईक्वल म्हणजे समान. ‘क्वाएट’ आणि ‘क्वाइट’ या दोघांची पाचही अक्षरं तीच, नुसती ई आणि टीची अदलाबदल. पहिल्याचा अर्थ शांत, दुसऱ्याचा बराचसा किंवा अगदी. यांत मी स्वतः प्रश्नपत्रिकेत चूक केली होती आणि सगळी प्रत परत छापावी लागली, म्हणून सांगतो, मुलीला हे दोन एकाखाली एक लिहायला लावा.

यू नसलेला क्यू बहुतेक अरबीतून येतो. अरबीत घशातून खोल काढायचा एक ‘क’ आहे, आपल्या ‘क’पेक्षा वेगळा. तो दाखवायला इंग्रजीत नुसता क्यू लिहितात. आणि यातले शब्द तुमच्या मुलीला सगळे माहीत आहेत, फक्त इंग्रजी म्हणून माहीत नाहीत. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर. बी-यू-आर-क्यू-ए, बुरखा. त्यात यू आहे, पण क्यूच्या आधी, त्यामुळं दुप्पट गुणांना चालणार नाही. टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. एन-आय-क्यू-ए-बी, नकाब. क्यू-आय-बी-एल-ए, किबला, नमाजाला तोंड करायची मक्केची दिशा. आणि एक क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कनात नव्हे. डोंगरातलं पाणी उतारानं गावात आणणारा जमिनीखालचा बोगदा, मधे मधे विहिरीसारखी तोंडं असलेला. मूळ इराणकडची पद्धत. बुऱ्हाणपूरचा खुनी भंडारा त्याच जातीचा. एवढा मोठा अर्थ पाच खिळ्यांत मावतो.

आता तिप्पट गुणांचे. पाचही स्वर नसले तरी तोंडानं म्हणायला काहीतरी स्वर लागतोच, तो वाय देतो. रोमन लोकांनी ग्रीक शब्द लिहिता यावेत म्हणून वाय आणि झेड ही अक्षरं उशिरा घेतली, म्हणून ती अगदी शेवटी बसली. ग्रीकवरून आलेल्या शब्दांत वाय असा मधोमध दिसतो. सी-आर-वाय-पी-टी, क्रिप्ट, चर्चच्या खालचं तळघर, मूळ अर्थ लपवलेलं. जी-एल-वाय-पी-एच, ग्लिफ, कोरलेली खूण किंवा चिन्ह. एल-वाय-एम-पी-एच, लिम्फ, शरीरातला लसीका नावाचा द्रव. एम-वाय-आर-आर-एच, मर, म्हणजे हिराबोळ. बाळंतिणीसाठी काष्ठौषधीच्या दुकानातून आणतात ना, तोच. तो डिंक आहे एका काटेरी झाडाचा. आणि टी-आर-वाय-एस-टी, ट्रिस्ट. हा ग्रीक नव्हे, जुन्या फ्रेंचमधून आलाय. ठरवून, संकेत देऊन भेटणं. पंडित नेहरूंनी १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या भाषणात नियतीशी केलेल्या संकेताची गोष्ट काढली तेव्हा वापरलेला शब्द हाच.

मुलगी पुढं सहा अक्षरीला गेली तर तिच्यासाठी एक राखून ठेवा: एस-वाय-झेड-वाय-जी-वाय, सिझिजी. तीन वाय, एक जी, एक झेड. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येणं, म्हणजे आपली अमावास्या आणि पौर्णिमा. जन्मभरात मी तो एकदाच जुळवला, आणि मला वायचे खिळे मोजून बघावे लागले होते.


विश्रामबागकर

मी सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतो, कॉम्प्युटरला. काकांनी खिळ्यांचं सांगितलं, मी मशीनचं सांगतो.

सव्वीस अक्षरांतून पाच जागा भरायच्या तर १,१८,८१,३७६ प्रकारे भरता येतात. मोबाइलवर रोज जे पाच चौकोनांचं इंग्रजी कोडं खेळतात, जॉश वॉर्डलनं २०२१ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं, त्यात सुरुवातीला सुमारे १३ हजार शब्द टाकायला चालायचे, पण उत्तर म्हणून फक्त सुमारे २३०० निवडलेले होते. बाकीचे का वगळले? कारण रोजच्या माणसाला ते ठाऊक नसतात. ताई, तुम्हाला मिळालेल्या साइटवर ही चाळणीच नव्हती. यंत्रानं सगळं ओतलं आणि अर्थही यंत्रानंच लावला.

चाळणी तुम्ही स्वतः लावू शकता, तुम्हाला एक्सेल येतं असं गृहीत धरतो. इंग्रजी शब्दांची एखादी मोकळी यादी एका रकान्यात घ्या. शेजारच्या रकान्यात लेन हे सूत्र, ते अक्षरं मोजतं. त्यावर फिल्टर लावून फक्त पाच ठेवा. मग शब्दांच्या रकान्यावर कस्टम फिल्टर, जी असलेले आणि वाय असलेले, दोन्ही अटी एकदम. जागा पक्की माहीत असेल तर प्रश्नचिन्ह वापरा, एक प्रश्नचिन्ह म्हणजे एक कुठलंही अक्षर. जी, तीन प्रश्नचिन्हं, वाय, असं टाकलं की जीनं सुरू होऊन वायवर संपणारे पाच अक्षरी तेवढे राहतात.

पण हे तुम्ही करा, तिला करायला देऊ नका. तिला कागदावर पाच चौकोन आखून वाय शेवटच्या चौकोनात ठेवायला सांगा आणि जी एकेक घर पुढं सरकवायला लावा. पहिल्या घरात जी, दुसऱ्या घरात जी, असं. डोकं त्यानं चालतं. फिल्टर तुम्हाला तपासायला, काही राहिलं का बघायला.


हरिपूरचा

ताई, तुमच्या हळदीवरून एक शब्द आठवला. चार अक्षरी आहे, खेळात बसणार नाही. आमच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली, माल आत भरून तोंड बंद केलं की कीड लागत नाही. माझ्या आजोबांचं पेव मी उतरून बघितलंय, वरून अरुंद, आत घागरीसारखं पसरट, कंदील आधी खाली सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरायचा नाही. इंग्रजीत ‘सायलो’ म्हटलं की लोकांना पत्र्याची उंच टाकी आठवते. पण एस-आय-एल-ओ हा शब्द स्पॅनिशमधून आला, त्याच्या मागं ग्रीक, आणि मूळ अर्थ धान्य साठवायचा खड्डा. म्हणजे पेवच. लेकीला एकदा घेऊन या, दाखवतो.


निवृत्त मास्तर, कोरेगाव

जुळारी काकांना एक पुरवणी. अरबीतून गेलेले शब्द मुलीला ओळखीचे वाटतात तसे आपल्याकडचे आणखी पाच अक्षरी आहेत: बी-ए-जे-आर-ए बाजरी, जे-ओ-डब्ल्यू-ए-आर ज्वारी, सी-आर-ओ-आर-ई कोटी, टी-ओ-डी-डी-वाय ताडी, के-एच-ए-के-आय खाकी, एस-आय-टी-ए-आर सतार. शेवटची तर तुमच्या शेजारी मिरजेत बनते. आणि पाचात न बसणारा एक मला सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंगूस. इंग्रजीतला ‘माँगूस’ मराठीतूनच गेलेला आहे, आठ अक्षरी.


यार्डातली ताई, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार झाला, म्हणून परत लिहिते.

लेकीनं क्यूचे सातच शब्द नेले होते. बेचाळीस नाहीत, सात. क्विल्ट, क्वाएट, क्वाइट, ईक्वल, फकीर, तलाक आणि कनात. तलाक लिहू का असं तिनं मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, शब्द आहे, अर्थ येतोय, लिही. क्विल्टचं वाक्य तिनं आजीच्या गोधडीवर केलं, जुन्या नऊवारी लुगड्यांची आहे ती. क्वाएट आणि क्वाइट तिनं फळ्यावर एकाखाली एक लिहिले, आणि बाईंनी ते पुसले नाहीत, शाळा सुटेपर्यंत तसेच ठेवले. तिप्पट गुणांसाठी तिनं हिराबोळ निवडला. स्पेलिंगमधे एक आर राहिला होता, बाईंनी घालायला लावला आणि गुण दिले.

शेवटी तिनं हात वर केला आणि मागच्या शनिवारचा शब्द परत वाचू का असं विचारलं. दुमडलेलं पान उघडलं, तागाचा तुकडा हातात धरला आणि वाचलं. गनी. अर्थ सांगितला, गोणी, मूळ मराठी. वाक्य केलं: माझी आई रोज गोण्या मोजते. इंग्रजीत केलं, मी मराठीत लिहिते आहे. बाईंनी तो तुकडा सगळ्या वर्गात फिरवला. मधल्या बाकावरच्या एका मुलानं वास घेऊन सांगितलं की त्याचे वडील याच्यावर नंबर टाकायचं काम करतात, काळ्या शाईनं. ते आमच्या दोन दुकानं सोडून पलीकडं असतात, मी त्यांना रोज बघते.

मास्तर, पुढच्या शनिवारची अक्षरं जे आणि डब्ल्यू आहेत. तुमच्या यादीतली ज्वारी तिनं लगेच उचलली. ‘ज्वेल’ मला सुचला, जे-ई-डब्ल्यू-ई-एल, रत्न. तिसरा काही केल्या सापडत नाही. मी फिल्टर लावला तेव्हा जे-ओ-डब्ल्यू-एल-एस असा एक निघाला. जबड्याखाली लोंबणारं मांस असा अर्थ कोशात बघितला. त्याला आपल्याकडं एका शब्दात काय म्हणतात? बैलाच्या गळ्याखाली लोंबते ती पोळी, तोच शब्द माणसाला चालेल का?